खिशातला बोळ

॥ श्री ॥
मुलुंड, ३ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाताईस,
धाकट्या श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझे कान दगा देतात आणि मोबाईलवरून वास पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र आणि सोबत तीन पुड्या. यज्ञेशनं विचारलं तर सांग, आई ठीक आहे, डोकं मामाचं फिरलंय.

मानसीला सातवा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून मी तिला इकडे यायचा आग्रह केला. तर तिथे माझं कोण करणार, असं तिनं विचारलं. अंधेरीला सासूबाई नोकरीवाल्या आहेत, पण दिवसभराची बाई ठेवणार आहेत म्हणे. मी बरं म्हणून फोन ठेवला.

ताई, रुक्मिणी गेल्यापासून या घराला घराचा वास उरला नाही. तिन्हीसांजेला ती शेगडीवर बोळाची धुरी करायची, तो वास पार जिन्यापर्यंत यायचा. चपला काढायच्या आधीच घरी आल्यासारखं वाटायचं. आता दार उघडलं की बंद कपाटाचा वास येतो. मनानं घेतलंय की तो धुरीचा वास परत आणला तर पोरगी येईल.

साकीनाक्याच्या धूप कारखान्यात मी जन्मभर पोती हुंगून बोळाचा सुगंधी डिंक विकत घेतला. पण बायको घरात कोणता जाळते, हे कधी विचारलं नाही. पहिल्या पुडीत सोमालियाचा हिराबोळ आहे, लालसर आणि कडवट. दुसरीत येमेनचा, जास्त कोरडा, नाकाला झोंबणारा. तिसरीत बिसाबोळ, तो गोड, जरासा मधासारखा. तिन्ही जाळून पाहिले, एकही तो नव्हे. तुझं नाक लावून बघ आणि कळव.

यज्ञेश आणि शीतलला आशीर्वाद. तुझी माया आहेच, तिच्या जोडीला चार ओळीही येऊ देत.

तुझा,
श्याम


॥ श्री ॥
बोरिवली, ९ नोव्हेंबर २०२४

चि. श्याम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र आणि पुड्या पोचल्या.

शीतलचा जीव धुरानं घुसमटतो, म्हणून बाल्कनीत बसून एकेक खडा जाळला. हिराबोळ म्हणजे थेट वैद्याचं दुकान. येमेनवाला घशात जाऊन बसला, मग मला चहा करून घ्यावा लागला. बिसाबोळ छान आहे, पण तो पाहुण्यांच्या घरातला वास, तुमच्या नव्हे. तुझा तर्क तिन्ही वेळा चुकलाय.

अरे, रुक्मिणी कोणताही एक बोळ जाळत नव्हती. मानसीच्या वेळी रुक्मिणीची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपणाला मी मुलुंडला येऊन राहिले होते, आठवतं ना? धुरीला बोळ हवा होता आणि तू कामावर. मग धुवायला टाकलेल्या तुझ्या सदऱ्याचे खिसे झाडले. नमुन्याचे खडे तू खिशात टाकायचास ना, त्यांचा चुरा निघाला. हिरा, बिसा, गुग्गुळ, येमेनचा, सगळ्याची खिचडी, वर तुझ्या तंबाखूची चिमूट आणि घाम. तेच निखाऱ्यावर टाकलं. रुक्मिणीला तो वास इतका आवडला की मी गेल्यावरही ती धुण्याआधी तुझे खिसे झाडत राहिली. तुला कळायचं नाही, कारण तो वास तुझाच होता.

माझं काय विचारतोस! दोघं ऑफिसला गेली की घरात बोलणारा एक कुकर. हात मात्र अजून धड आहेत. परवा शेजारच्या रुचिराच्या बाळाला न्हाऊ घातलं, तेवढा दिवस बरा गेला.

प्रकृतीला जप. रागावलास तरी चालेल, पण पत्र टाक.

तुझी,
कुंदाताई


॥ श्री ॥
मुलुंड, १६ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र घेऊन कपाटासमोर बसलो आणि एकूणएक सदऱ्यांचे खिसे उलटे केले. निवृत्तीनंतर खिशात असतं काय? एक ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड आणि भाजीची पिशवी. मग सगळे खडे खिशात भरले आणि रोज बागेला फेऱ्या मारल्या. शेजारचे देवव्रत बागेत माझ्या बाकावर बसायचे, ते दोन बाकं लांब बसले.

काल तो चुरा निखाऱ्यावर टाकला आणि ताई, तोच वास आला! मी स्वयंपाकघराकडे वळून रुक्मिणीला हाक मारली. मग शेगडीशी बसून रडलो. इतकं रिकामं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मानसीला मोठ्या हौसेनं सांगितलं. तर डॉक्टरांनी बाळाजवळ धूर अजिबात करू नका म्हणून बजावलंय म्हणे. सगळा खटाटोप पाण्यात गेला. ती अंधेरीलाच राहणार.

रागावलो नाही, म्हणून तर लिहितोय.

श्याम


॥ श्री ॥
बोरिवली, २१ नोव्हेंबर २०२४

चि. श्यामला आशीर्वाद.

तू जन्मभर पोती हुंगलीस, माणसं नाही. तिथे माझं कोण करणार, असं पोरीनं विचारलं. घराला कसला वास येईल, असं नाही विचारलं. तुला तीन पुड्या पाठवायचं सुचलं, पण ताई, येतेस का, हे सुचलं नाही. मागच्या पत्रात माझे हात धड आहेत असं मी कशाला लिहिलं होतं? बोलावल्याशिवाय मी भावाच्या घरीसुद्धा जात नाही. मी इथे वाट बघत बसले आहे, आणि तू बोळ जाळतोयस.

कुंदा


॥ श्री ॥
मुलुंड, २७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

ये. यज्ञेशला सांग, रविवारी मामा टॅक्सी घेऊन तुला न्यायला येतोय.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी, आत्या येतेय, एवढंच मानसीला सांगितलं. त्यावर पलंग खिडकीपाशी लाव आणि पंखा दुरुस्त करून घे म्हणाली. पोरगी जानेवारीत येतेय. वासाचं नावही तिनं काढलं नाही.

धूर नाही करायचा, ते कबूल. पण बोळाला न जाळताही वास असतो, म्हणून खडे खिशात ठेवून हिंडतो आहे.

आता एकच मागणं. मानसी झाली तेव्हा पुरुषमाणसाचं काम नाही म्हणून तू मला बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसवलंस. आत रुक्मिणी हसायची, पोर रडायची, तू ओरडायचीस, आणि माझ्या वाट्याला दाराच्या फटीतून आलेला धूर. या वेळी दार लावू नकोस.

तुझा,
श्याम