शेवटच्या गाण्यातली मोकळी जागा

मी, खाली सही करणारी, राहणार याच घरात, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी (पाचवीचं पुस्तक आणलं होतं, पण शाळाच सुटली), आपखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा कागद दिला आहे. सूनबाईचं मत वेगळं पडेल, पण तिला कोणी विचारलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही, धाक नाही. उलट मी इतकी आनंदात आहे की वकीलसाहेब म्हणाले, "आजी, हे लिहिताना लोक रडतात हो." मी म्हटलं, ज्यांना जायचं नसतं ते रडत असतील. त्यांनी नमुना दिला होता. त्यातलं "सबब" तेवढं ठेवलं, बाकी सगळं माझं.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर त्यामागे जाऊबाई आहेत असं समजावं.

कलम एक. घर.
वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या मुलाला. पोरगा गुणी आहे, फक्त त्याला भिंत दिसली की पाडावीशी वाटते. रस्त्याकडची शिवणाची खोली त्याला नाही. तिथे त्याला मोबाइलच्या दुकानासाठी भाडेकरू ठेवायचा आहे. "आई, त्या खोलीत आता उरलंय काय?" असं तो विचारतो. काय उरलंय ते पुढे लिहिलं आहे, त्याने बसून वाचावं. उभ्याने नको.

कलम दोन. किरकोळ.
मोठी कात्री जाऊबाईंना. ती त्यांच्याकडेच आहे. माझं लग्न झालं त्या वर्षी एका दुपारपुरती म्हणून नेली होती. आता ती कायद्याने त्यांची झाली, त्यामुळे मला बघून रस्ता बदलायची गरज नाही. अंगठी नातीला. बँकेतलं मुलगा आणि नात यांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि त्यावरून भांडू नये, भांडण्याइतकं ते नाही.

कलम तीन. रेकॉर्ड.
आमचे हे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे, याच खोलीत. टेबलाचा अर्धा भाग ह्यांचा, अर्धा माझा, आणि माझे दोरे ह्यांच्या तारांत गेले की दिवसभर अबोला. एकदा बोटीवर काम करणारा एक माणूस प्लेअर घेऊन आला, सुई अडकते म्हणाला. वर रेकॉर्ड तशीच होती. ह्यांनी सुई बदलली, रेकॉर्ड लावून पाहिली. माणूस परत आलाच नाही. बरेच दिवस वाट पाहिली, मग आम्हीच ती ऐकणारे झालो.

नॉर्वे नावाच्या देशातल्या चार पोरांची ही रेकॉर्ड. कव्हरवर चौघं बर्फाळ किनाऱ्यावर स्वेटर घालून उभे आहेत, फोटो काढणारा मध्येच निघून गेल्यासारखे. डावीकडचा थेट माझा दीर, जेवायच्या वेळी टपकणारा. या गाण्यांना रॉक म्हणतात, त्यातही हा आडवाटेचा, ऑल्टरनेटिव्ह. नातीने फोनवर शोधून सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या देशातही ती खपली नाही. पेपरवाल्यांनी दोन ओळींत उरकलं, पोरं आपापल्या कामाला लागली. मला फार वाईट वाटलं. इतकं निगुतीने शिवलेलं कापड आणि त्याला गिऱ्हाईक नाही!

आधी मलाही तो गोंगाटच वाटला, खोटं कशाला बोलू. पण शिवताना ऐकत गेले तशी शिवण दिसायला लागली. त्यातला गाणारा पोरगा ओरडू शकतो हे कळतं, पण ओरडत नाही. ओठात टाचण्या धरून बोलावं तसा गातो. गिटार उशिरा येते, आणि ती आली की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. वर बघावं तर दिवा तसाच.

मग शेजारचे घड्याळवाले यायला लागले. त्यांच्यामागून मास्तरीणबाई, त्या शाळेतून निवृत्त. आठवड्यातून एकदा, दुपारी, दार लोटून. घड्याळवाले म्हणायचे, "हा ढोलवाला एक ठोका मुद्दाम मागे ठेवतो. घड्याळ असतं तर मी दुरुस्त केलं असतं. याला हात लावायचा नाही." मास्तरीणबाई म्हणायच्या, "भाषा कळत नाही तेच बरं. जन्मभर चुका काढल्या, इथे नुसतं बसता येतं." दोघांचं शिडीच्या गाण्यावरून मात्र कायम वाजायचं. शिडीचं गाणं म्हणजे दुसरं, त्यातले सूर पायरी पायरीने चढतात आणि वर पोचायच्या आत संपतात. घड्याळवाले म्हणतात तेच सगळ्यांत भारी. बाई म्हणतात, "वर पोचत नाही ते भारी कसं?"

कलम चार. मोकळी जागा.
शेवटचं गाणं मध्येच थांबतं. काहीच वाजत नाही, चांगला लांब श्वास घेऊन सोडावा इतका वेळ, आणि मग ते पुन्हा सुरू होतं. पहिल्यांदा मला वाटलं, संपली रेकॉर्ड. मी मशीन सुरू केलं. तेवढ्यात गाणं परत आलं, मी दचकून पाय उचलला. हे म्हणाले, "दचकू नकोस. आता कुठे ते पुरं झालं." तेव्हापासून तो रिवाज पडला. मोकळी जागा आली की मी मशीन चालवायची, गाणं परत आलं की थांबायचं. घड्याळवाले आणि बाई त्या वेळी पाय जमिनीवरून उचलून बसत. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

हे याच खोलीत गेले. आपल्या वेताच्या खुर्चीत, रेकॉर्ड ऐकताना, त्या मोकळ्या जागेत. थोडे खोकले म्हणे. मी मशीनवर, मला ऐकूही आलं नाही. गाणं परत आलं तेव्हा आम्ही चारातले तीन उरलो होतो.

आता मुलाने नीट वाचावं.

नात दातांच्या दवाखान्यात कामाला आहे (माझे उरलेसुरले दात तिच्याच डॉक्टरांनी काढले). फोनवर कुणीतरी ही रेकॉर्ड ऐकायला ठेवली आहे, आमची नव्हे, दुसरीच कुठली तरी प्रत. खाली ऐकणारे लिहितात. थोडेच आहेत, पण जीव लावून लिहितात. "ही रेकॉर्ड जगाने ऐकायला हवी होती." "मी बोगद्यात कामाला आहे, रोज हिच्यासोबत खाली उतरतो." नात मला वाचून दाखवते आणि मला आपल्याच लेकरांचं कौतुक ऐकल्यासारखं होतं. हे होते तेव्हाचीच गोष्ट, एक दिवस ती वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"आजी, एक बाई लिहिते, शेवटच्या गाण्यात गाणं थांबतं तिथे शिलाई मशीन ऐकू येतं."

खाली वाद जुंपला होता. एक म्हणे बर्फ तडकतो तो आवाज. दुसरा म्हणे काहीच नाही, कान तपासा. तेवढ्यात तिसऱ्याने लिहिलं, मी शिंपी आहे, ते पायाचं मशीन आहे आणि सरळ टीप चालली आहे. मला इतका आनंद झाला! अगदी बरोबर, सरळच टीप असते. नातीने दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत कानात फोनची बोंडं घालून ऐकलं आणि घरी येऊन हातपाय न धुता माझ्याजवळ बसली. "आजी, तुझा डावा पाय घासतो ना मशीनच्या पायट्यावर, तेसुद्धा आहे." तिचे हात गार पडले होते. मी म्हटलं, अगं, घाबरतेस काय, तुझी आजी नॉर्वेला जाऊन आली!

हे गेल्यावर त्याच मोकळ्या जागेत लोकांना एका पुरुषाचा खोकला ऐकू यायला लागला. मला समाधान वाटलं. म्हणजे हे कुठे गेले ते कळलं, पत्ता सापडला.

मग मला ताप आला आणि मी बरेच दिवस मशीनवर बसले नाही. तेव्हा त्या बोगद्यातल्या माणसाने लिहिलं, मशीन बंद पडलंय, आणि तो माणूस आता खोलीभर फिरत खोकतोय, कुणाला तरी शोधल्यासारखा. हे ऐकल्यावर माझा ताप उतरला, पण झोपही उडाली. आज ना उद्या माझा पाय कायमचा थांबणार. मग ती जागा रिकामी. ह्यांनी काय नुसतं खोकत फिरायचं? मला आणखी कसलीही काळजी नाही, एवढी एकच आहे. हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे, बाकीची कलमं वकीलसाहेबांच्या समाधानासाठी.

कलम पाच. सूनबाई.
बरी झाले, पुन्हा मशीनवर बसायला लागले. नंतर कुणीतरी लिहिलं, आज मशीन वेगळंच चाललंय, शिकाऊ पाय आहे, अडखळतो, आणि शेवटी कुणीतरी दाताने दोरा तोडतं.

नात म्हणाली, "पण आजी, तू तर..."

"माझ्या तोंडात दात कुठे आहेत?"

 या घरात दाताने दोरा तोडणारी एकच. तिला मी लग्न होऊन आली तेव्हापासून सांगते आहे, अगं, कात्री आहे, माणसाची जात आहेस की उंदराची. ती ऐकत नाही. आणि त्या दिवसापर्यंत तिने शिवणाच्या मशीनला पायसुद्धा लावला नव्हता, हाताने गुंड्या लावायची तेवढंच.

मी तिला बोलावलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला नको तुमचं ते. मला त्या खोलीत भर दुपारीसुद्धा एकटीला जाववत नाही."

"का, काय खातंय तिथे?"

"प्लेअर बंद असतो तेव्हाच जास्त वाटतं. कुणी गातंय असं नाही. कुणीतरी ऐकत बसलंय असं."

 तिला हे सगळं माहीत होतं तर! जाता जाता ती दारात थांबली. "खोकला म्हणालात. बाबांचाच?"

"हो. फिरत खोकतात म्हणे."

तिचा चेहरा उतरला. ह्यांच्या शेवटच्या वर्षांत खोकल्याची उबळ आली की पाठ चोळायला तीच धावायची, मी नाही. मला तो आवाज सोसायचा नाही. "मग असं ठेवून कसं चालेल, आई?" असं म्हणाली आणि माझ्यावर रागावल्यासारखी खाली उतरली.

त्या दुपारी ती मशीनवर बसली. मी ह्यांच्या खुर्चीत. घड्याळवाले आणि बाई आपापल्या जागी, पाय उचलायच्या तयारीत. मोकळी जागा आली. सूनबाईचा पाय अडखळला, मग चालला. उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती, ती अशी नागमोडी की बघवेना. शेवटी मान वाकवून दाताने दोरा तोडला. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी आजवर मशीनवर असायचे, म्हणून ती जागा कधी ऐकलीच नव्हती. खुर्चीतून ऐकली. काय ऐकलं ते लिहीत नाही, ते माझं आणि ह्यांचं. एवढंच लिहिते की खोकला थांबला होता.

सबब शिवणाची खोली, मशीन, प्लेअर, ती रेकॉर्ड आणि टेबलाचे दोन्ही भाग सूनबाईला. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, भिंत पाडायची नाही. आठवड्यातून एकदा रेकॉर्ड लागली पाहिजे. दोरा कसा तोडायचा ते तिचं ती ठरवेल, माझी हरकत मी या कागदाने मागे घेते.

रेकॉर्डवर घड्याळवाल्यांचाही डोळा आहे, बाईंचाही. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे कळल्याबरोबर मी दोघांनाच साक्षीला बसवलं. यायला-ऐकायला मात्र त्यांना आडकाठी नाही. ते देणं नव्हे, तो रिवाज आहे.

कलम सहा. मला कुठे ठेवायचं.
हे कलम मी असतानाच सगळ्यांना वाचून दाखवावं, नंतर उपयोग नाही.

काल नात कामावरून आली ती फोन पुढे धरूनच. बोगद्यातल्या माणसाने लिहिलं होतं: मशीन पुन्हा चालू झालं, बरं वाटलं. आणि आता तिथे एक म्हातारी बाई हसते आहे. अगदी जवळ, त्या खोकणाऱ्या माणसाच्या शेजारी. मनापासून हसते आहे. कुणी सांगेल का, ती कोण?

नात म्हणाली, "आजी, आई शिवत होती तेव्हा तू हसलीस का गं?"

मी आठवून पाहिलं. घड्याळवाल्यांना विचारलं, बाईंना विचारलं. नाही. इतकी वाकडी टीप पाहूनही मी हसले नव्हते. म्हणजे ते अजून व्हायचं आहे.

तेव्हा माझं काही कमीजास्त वाटलं तर मला दवाखान्यात हलवू नये. शिवणाच्या खोलीत न्यावं, ह्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवून तिच्यात बसवावं. मुलाने रेकॉर्ड लावावी, हात थरथरू न देता. सूनबाईने मशीनवर बसावं आणि गाणं थांबलं की पाय चालू करावा. रडून थांबली तर मी येऊन रागावेन.

इतकंच. वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करते.

लिहून ठेवणार: आजी (सही)

ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: रेकॉर्डचा वार, जेवणं झाल्यावर. आकड्यात तारीख वकीलसाहेबांनी शिक्क्याखाली घातली आहे.

साक्षीदार पहिला: घड्याळवाले (सही). माझ्यासमोर सही केली. शिडीचं गाणंच भारी, हेही नोंदवून ठेवावं.

साक्षीदार दुसरी: मास्तरीणबाई (सही). माझ्यासमोर सही केली. आजी पूर्ण शुद्धीवर होत्या. सही करताना त्यांनी तोंडावर पदर घट्ट धरला होता आणि खांदे हलत होते. बरं नाही का, असं विचारलं तर मानेनेच नाही म्हणाल्या. मग पदर काढून म्हणाल्या, "हसू येतंय हो बाई, पण आत्ता नको. राखून ठेवते आहे."