चौदा स्क्रू

१२ तारीख, शुक्रवार

आली एकदाची गाडी! पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं पोटात घेऊन फिरणारं घर. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत वरखाली केलं, आता आडवं जायचं. अट मात्र बायकोची: आधी तीन दिवसांची चाचणी. जमलं तर वर्षभर भटकायचं, नाही तर गाडी परत मास्तरांच्या दारात. लग्न झाल्यापासून हिला फिरवीन म्हणतोय. ही चाचणी हातची जाऊन चालणार नाही.

मास्तर म्हणजे गाडीचे आधीचे मालक. त्यांनी कानाकोपरा दाखवला. पलंगाखालचा लांबलचक खण तेवढा चौदा स्क्रू मारून बंद. तो उघडू नका म्हणाले. कारण विचारलं तर टायरांवर घसरले. त्यांच्या बाई शेजारी हसत उभ्या होत्या. गाडी घेतल्यापासून ही एकदाही भांडली नाही, असं मास्तर म्हणाले, तेही रडवेल्या तोंडाने. मला तर हेवाच वाटला.

निघताना गाडी वजनकाट्यावर चढवली. लिफ्टवाल्याची खोड, माणूस दिसला की किलो सांगतो. मी अठ्ठ्याहत्तर, ही एकसष्ट.

१३, शनिवार

डोक्याला नुसता ताप. शेगडी पेटत नाही, नळ गळतो, खिडकी लागत नाही. त्यात ही मागे पलंगावर बसून माझा वेग मोजणार. गाडी जरा पळाली की फळीवर दोनदा टकटक. म्हणजे हळू चालवा. दिवसात चाळीस वेळा तरी झालं असेल. घाटात तर ढोलच वाजवला.

खुर्च्या ठेवायला जागा नाही. आणि बंद दिसलं की उघडून बघायचं, हा तर माझा धंदाच. चौदाही स्क्रू काढले. आत कोरडा, रिकामा खण. झाकणाला आतून ओरखडे. मांजर कोंडलं असेल कधी. होतं तसं लावून टाका, ही म्हणाली. मी ऐकलं नाही. कडाक्याचं भांडण.

संध्याकाळी हिचा चष्मा घरंगळत खणात गेला. तो काढायला ही कमरेपर्यंत आत वाकली. मी शेगडीशी झटत होतो. वळून बघतो तर ही चष्मा लावून दारात उभी. खुर्च्या टपावर बांधा, खण बंद करा, म्हणाली. आधीच टाळकं फिरलेलं. आत न बघताच झाकण टाकलं आणि चौदाही स्क्रू आवळले.

झोपताना खालून खुडबुड. उंदीर असावा. फळीवर लाथ हाणली, मग थांबली.

१४, रविवार

सकाळपासून हिची एकही तक्रार नाही. चहा कोमट होता, तरी छान म्हणाली. पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. गाडी ठेवून घेऊया म्हणाली. एवढं जिंकूनही मला आनंद होईना, उलट चिडचिडच. त्यात ते खणाचं झाकण सारखं वाजतंय. थांबून स्क्रू आणखी आवळले.

रविवार, दुपार

परतीच्या वाटेवर पुन्हा काटा. ही पाय मोकळे करायला उतरली. आकडा हलला नाही.

काटेवाल्यावर ओरडलो. तुम्ही उतरून बघा, म्हणाला. उतरलो. बरोबर अठ्ठ्याहत्तर कमी.

ही उन्हात उभी होती. हसत.

रविवार, चार वाजता

झाकण वाजत नव्हतं. वेग वाढवला की दोनदा. कमी केला की बंद. तीनदा करून बघितलं —

आणि ही शेजारी. दोन्ही हात मांडीवर.

गाडी थांबवली. ती उतरून रस्त्याकडेला फिरते आहे. मी मागे, खणापाशी. निघालेला स्क्रू वहीत टिपायची सवय आहे, तेवढ्याने हात स्थिर राहतो.

तीन. मीच आवळलेत. मीच, मूर्खाने —

आठ. आतून टकटक. हळू. अगं, आलो. उंदीर म्हणून तुलाच लाथ —

अकरा. ती दारात आली. राहू दे म्हणते. आता कधीच भांडण होणार नाही, म्हणते. मास्तरांच्या बाईंसारखीच हसते —

तेरा. आतून एकच ठक. दुसरी — दुसरी येत नाही — अगं, वाजव ना, ओरड माझ्यावर, एकच राहि —