ताकाइची बाई आणि आपलं आडनाव

प्रिय अबोली,

फोन आपटलास तो आपटलासच! बाई पंतप्रधान झाली म्हणजे बायकांचं राज्य आलं, हे तुला कुणी सांगितलं? मी एवढंच म्हटलं, की ज्या जपानात तू म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालीस, तिथली ही ताकाइची बाई बाहेरून येणाऱ्यांवर नियम कडक करतेय. तर तू म्हणालीस, आठवी नापासानं मला राजकारण शिकवू नये. बरं. मग मीच शिकायला बसलो.

इकडे लखनौत, चिनहटच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आता तिचेच व्हिडिओ बघतो. पोरं विचारतात, क्यों भैया, जापान में रिश्ता देख रहे हो? पण बाई अजबच आहे गं. तरुणपणी ड्रम वाजवायची, मोटारसायकल चालवायची. पक्षाची प्रमुख झाली तेव्हा म्हणाली, मी काम करीन, काम, काम, काम आणि काम. आमच्या सुपरवायझरला हे इतकं आवडलं, की फक्त भिंतीवर रंगवायचं बाकी ठेवलंय. आणि ऐक, नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं म्हणते, पण हिच्या घरी नवऱ्यानंच हिचं आडनाव लावलंय! अर्धे लोक तिच्यावर फिदा, अर्धे तिला घाबरून. मी कुठल्या अर्ध्यात, ते अजून कळेना.

रविवारी वृंदावन योजना कॉलनीत श्रीपतकाकांकडे बुद्धवंदनेला गेलो होतो. आपल्याकडचेच, सरकारी नोकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. तिथे मी तुझंच वाक्य बोलून गेलो, की जपान बुद्धाचा देश, आपल्याला परकं कोण म्हणेल? त्यांची प्राची हसत सुटली. म्हणाली, भैया, वहाँ पासपोर्ट देखेंगे, पंचशील थोड़ी पूछेंगे! काका हसले नाहीत. म्हणाले, मी इथे आलो तेव्हा जो तो पूरा नाम विचारायचा आणि आडनाव ऐकून गोंधळायचा. आपलं आडनाव इथे कुणाला वाचता येत नाही. त्या गोंधळात माझी नोकरी सुखात गेली.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मलाही इथे महाराष्ट्रवाला म्हणतात. बाहेरचा म्हणून घरमालकानं माझे कागद पोलिसांकडे दिले, तेव्हा डोकं फिरलं होतं. पण गावात कुठल्या वस्तीत राहतोस, हे त्यानं कधी विचारलं नाही. तू म्हणाली होतीस ना, तिथे मला फार तर परदेशी म्हणतील? आपल्याकडे ज्या घरी तू आजीबाईंना सांभाळायला जायचीस, तिथे तुझा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असायचा, हे मला परवा आईनं सांगितलं.

ती बाई उद्या काय नियम काढेल, मला सांगता येत नाही. भाषा आली की तिचं भाषण तूच ऐक आणि मला कळव, खरंच कशी आहे ती. जपानीच्या क्लासला पैसे देऊ नको असं मी आईला म्हटलं, ते काही त्या बाईमुळे नाही. मी लखनौहून रात्रीच्या गाडीत बसलो की दुसऱ्या दिवशी घरी असतो. तू कशी येशील? बस, एवढंच होतं. परीक्षेचा फॉर्म शुक्रवारी बंद होतोय म्हणे. भरून टाक. तुझ्या खात्यावर साडेनऊ हजार पाठवतोय.

तुझाच, भांडला तरी तुझाच दादा,
इंद्रजित