यंत्रप्रेमींच्या दिनदर्शिकेबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा फोटो स्टुडिओ, यजमानांच्या पश्चात एकटी राहणारी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मंडळाचे अध्यक्ष हे वाचल्यावर पहिली शंका तीच काढतील. यापूर्वीचं मृत्युपत्र यजमानांनी सांगितलं होतं आणि मी फक्त सही केली होती. ते आजपासून रद्द समजावं.

१. राहतं घर भाचीला. तिने माझी सेवा केली असं लिहायची पद्धत आहे. तसं काही झालेलं नाही, ती लांब राहते. पण फोन करते तेव्हा माझं बोलणं संपेपर्यंत ठेवत नाही. घराला कागदोपत्री तीन खोल्या आहेत. तिसरी कोणी पाहिलेली नाही, तिथे यंत्रं आहेत.

२. सदर यंत्रं एकूण एकेचाळीस. पूर्वी हौशी लोक घरच्या घरी तीन-चार मिनिटांचे, बिनआवाजाचे सिनेमे काढत. त्यासाठीचे चावीचे कॅमेरे आणि छोटे प्रोजेक्टर यजमान जमवत. त्यांच्यासारख्यांचं एक मंडळ आहे. सभासद चौतीस, सगळे पुरुष, एक सोडून सगळे निवृत्त. यंत्र पुसणं, तेल घालणं आणि दुसऱ्याच्या यंत्राला नावं ठेवणं हे मंडळाचं कार्य. त्यावर सिनेमा बघताना मी कोणालाही पाहिलेलं नाही. दिव्याच्या उष्णतेने यंत्र खराब होतं म्हणे.

३. या मंडळाची भिंतीवरची दिनदर्शिका मी बारा वर्षं केली. फोटो माझे, मांडणी माझी, तारखा तपासणं माझं. कोणाचं यंत्र कुठल्या महिन्यावर, हे ठरवायला सभा भरे आणि चहा मी करी. फेब्रुवारी कोणालाच नको, कारण भिंतीवर दोन दिवस कमी मिळतात. जानेवारी अध्यक्षांचा. त्यांच्याकडे एकच प्रोजेक्टर. पहिल्या वर्षी तो समोरून घेतला, मग डावीकडून, मग उजवीकडून. अकराव्या वर्षी मी तो मागून घेतला. "वहिनी, या बाजूने त्याचा रुबाब वेगळाच दिसतो," असं ते म्हणाले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असे: विशेष सहकार्य, वहिनी.

४. बाराव्या वर्षी यजमान गेले. मंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली आणि तिसऱ्या मिनिटाला कोषाध्यक्षांनी विचारलं, "वहिनी, तो जुळ्या भिंगांचा कॅमेरा विकणार आहात का?" त्या वर्षी मी सभा बोलावलीच नाही. जुन्या यंत्रांच्या खोक्यांतून परक्या घरांची रिळं येत. यजमान त्यांना कचरा म्हणत, मी ती पत्र्याच्या डब्यांत साठवत असे. प्रोजेक्टरला नवा दिवा लावला, सगळी बघितली, फिल्मवरच्या बारा चौकटी निवडल्या आणि मोठ्या करून दिनदर्शिकेवर छापल्या. पहिली पावलं टाकणारं मूल. टोपी उडालेले गृहस्थ. ऑगस्टच्या पानावर, गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई, दातांत चिमटा धरून हसणारी.

अध्यक्ष गठ्ठा घेऊन घरी आले.

"वहिनी, यात यंत्र कुठंय?"

"यंत्रातून जे बाहेर येतं, ते आहे."

"पण ही माणसं कोण? आपले सभासद आहेत का?"

नाहीत, म्हटलं. त्यांनी चौतीसपैकी तेहतीस प्रती परत केल्या. चौतिसावी एका दंतवैद्य सभासदांनी ठेवून घेतली. आवडली म्हणून नव्हे, दवाखान्याच्या भिंतीवरचा ओलसर डाग झाकायला.

ऑगस्टच्या दोन तारखेला माझी बेल वाजली. त्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारणारी बाई दारात होती, वय पन्नाशीचं, हातात ते पान गुंडाळलेलं.

"काकू, हा कठडा आमच्या गच्चीचा आहे," ती म्हणाली. "मधली सळई वाकलेली दिसते ना? अजून वाकलेलीच आहे."

तिची आई ती तीन वर्षांची असताना वारली. वडिलांनी वर्षभरात सगळं विकून टाकलं, त्यात प्रोजेक्टरचं खोकंही गेलं. आईचा एक फोटो उरला, तोही ओळखपत्रावरचा. मी खिडकीला चादर लावली आणि रीळ चालवलं. आई वाकली, पिळलेला कपडा झटकला, केस मनगटाने मागे सारले. पुकारणारीने विचारलं, "परत लावता?" आम्ही ते नऊ वेळा पाहिलं. रडली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "केस असेच मागे घेते मी. मला वाटायचं, ही माझीच खोड आहे."

५. सबब सर्व रिळं, एकशे सहा डबे, दिवा बदललेला प्रोजेक्टर व तो चालवण्याची माझी वही या बाईला द्यावी. रिळांतली माणसं ज्यांची, त्यांना शोधून ती रिळं द्यायचं काम तिने माझ्याबरोबर चार वर्षं केलं आहे. आजवर सात घरं सापडली. उरलेली चाळीस यंत्रं मंडळाला, एका अटीवर: प्रत्येक यंत्र वर्षातून एकदा लोकांसमोर चालवावं. न चालवल्यास भाचीने ती भंगारवाल्याला द्यावीत. तो निदान सुटी करून आत काय आहे ते बघेल.

६. परत आलेल्या तेहतीस प्रती अध्यक्षांना. माळ्यावर आहेत, स्वतः चढून उतरवाव्यात.

७. माझा फोटोचा कॅमेरा, दोन्ही दिवे व तिपाई हे ज्या शाळेला हवं असेल तिला द्यावं. यजमानांबद्दल माझी तक्रार एकच आणि ती इथे नोंदवते. घरात एकोणीस कॅमेरे असताना त्यांनी माझ्यावर एक फूटही फिल्म खर्च केली नाही. "जरा बाजूला हो, उजेड अडतोय," असं मात्र अनेकदा म्हणाले.

८. गेल्या महिन्यात पुकारणारी चावीचा कॅमेरा भरून घेऊन आली आणि मी भांडी घासत असताना तीन मिनिटं माझं चित्रण केलं. ते रीळ धुऊन यायचं आहे. माझ्यामागे ते भाचीला दाखवावं. मंडळाला बघायचं असेल तर त्यांनाही दाखवावं. मी त्यात सतत बोलताना दिसेन. फिल्मला आवाज नाही हे अध्यक्षांचं नशीब. ओठांवरून कळलं, तर त्याला माझा इलाज नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

(सही)

आम्हां दोघांच्या समोर सही झाली. आमच्या नावे यात काही नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं.
साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार २: (सही) लिफ्टदुरुस्ती करणारे
स्थळ: राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: सात नोव्हेंबर दोन हजार तेवीस