करकोचे आणि गोदू

माघ शुद्ध ६, शके १८१३
कचेरीला सुट्टी, म्हणून स्वारी पहाटेच खाडीवर! कॅमेरा, तिपाई, काळं कापड — सगळं बिऱ्हाड बरोबर. पोटच्या पोरीचा फोटो मी काढू देत नाही, म्हणून हे करकोच्यांचे काढतात. वर मला टोमणा — "करकोच्याची आई आड येत नाही." बोला खुशाल! माझ्या भावाचा मुंबईस फोटो काढला आणि त्याच साली तो गेला. गोदूला मी त्या भिंगासमोर उभी करणार नाही. म्हणजे नाहीच.

माघ शुद्ध १३
आज आम्हा दोघींनाही नेलं. भिवा नाखवा तिवरांच्या आडोशाला होडी चिखलात रुतवून ठेवतो, म्हणजे हलत नाही. ओहोटी लागली की करकोचे उतरतात. मग कुणी शिंकायचंसुद्धा नाही! गोदू तोंडावर हात दाबून बसलेली. एक पाणमांजर मासा धरून अगदी जवळून गेलं, तेव्हा तिनं मला असा चिमटा काढला!
घरी येऊन फोटोची काच धुतली. करकोच्यांच्या जागी नुसते फरकाटे. पुन्हा हलले मेले. हे जेवले नाहीत.

माघ वद्य ५
गोदू आता सुट्टीच्या दिवशी ह्यांच्याबरोबर जायचा हट्ट धरते. जाऊ दिलं, पण आधी ह्यांना गोदूच्या गळ्याची शपथ घातली — तिचा फोटो काढायचा नाही. हसले. "अडाणी आहेस झालं!" पण शपथ घेतली.

फाल्गुन शुद्ध २
गोदूला ताप. डॉक्टर म्हणतात, हिवताप. कोयनेल देतोय.

फाल्गुन शुद्ध ६
उतरत नाही.

फाल्गुन शुद्ध ९
गोदू गेली.

फाल्गुन वद्य ८
तिचे डोळे आठवतात, नाक आठवतं, पण चेहरा जुळून येत नाही. एवढ्यातच! कपाटातल्या सगळ्या काचा उजेडात धरून पाहिल्या. करकोचे, करकोचे! माझ्याच हट्टापायी लेकीची एकही छबी घरात नाही.
शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "होईल गं दुसरं." उठून आत गेले.

चैत्र शुद्ध १
गुढी नाही. भिवा दारात आला होता — "रावसाहेब, करकोचं आयलेत, चला नं!" हे आतूनच नाही म्हणाले. कॅमेऱ्याला शिवत नाहीत.

चैत्र शुद्ध ४
दुपारी हे माझ्यापुढे बसले आणि हमसून हमसून रडले. शपथ मोडली होती! गोदू होडीच्या टोकाला, मागे करकोचे, कुणीच हललं नाही — अशी काच साधली होती. आठवड्याच्या आत ताप. "मीच मारली तिला," म्हणाले. मला अडाणी म्हणणारे हे!
मी हात धरला. म्हटलं, "अहो, फोटोनं कुणी मरत नसतं." बोलले आणि मलाही ते पटलं. फार उशिरा पटलं. काच कुठे आहे, विचारलं. तिवरांत फोडून टाकली, म्हणाले.

चैत्र शुद्ध ५
ओहोटीला भिवाबरोबर जाऊन चिखल चिवडला. एकच तुकडा मिळाला. त्यात करकोचा आहे — पिसन् पीस स्पष्ट.