खोडलेली पाच वाक्यं

३ जून

चि. चिऊस मामाचे अ. उ. आ.

तुझ्या पाठाचं चित्रीकरण मिळालं. घड्याळ लावून चार वेळा पाहिलं. विषय रस्ता विचारणे, वेळ चाळीस मिनिटं, पैकी एकोणीस मिनिटं तूच बोललीस. फळ्यावरची तिसरी ओळ उजवीकडे दोन बोटं उतरली आहे. आवाज मात्र खणखणीत, तो आजोळचा.

आमच्या अध्यापक विद्यालयात इंग्रजीचा शिक्षक घडायला वर्ष लागायचं. चाळीस पाठ, आणि प्रत्येक पाठाला मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेला. बावीस वर्षं बसलो. आता तुमच्याकडे बारा आठवड्यांत शिक्षक तयार, आणि माझ्या जागी तिकाटण्यावर कॅमेरा. तो पाय हलवत नाही, खोकत नाही, म्हणून सगळे खूश.

सोबतचं पान मात्र वाचवेना. आपल्याच पाठात काय चुकलं ते आपणच लिहून द्यायचं, ही कुठली पद्धत? आजवर कोणी आपण होऊन चूक कबूल केली की मी दोन गुण कापत आलो. म्हणून तुझी पाच वाक्यं खोडली, उरलेलं नीट जोडलं, सुवाच्य अक्षरात परत पाठवतो आहे. हेच दे. शाळेतली नोकरीची जागा या निकालावर आहे, विसरू नकोस.

लोभ आहेच, कामाच्या धबडग्यातही त्याची आठवण असावी.

मामा

१८ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

नापास झाले. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, ती लगेच पिशवी भरून इथे येईल.

तुमचं पान जसंच्या तसं टाइप करून दिलं. खरं सांगायचं तर वाद घालायचं त्राण नव्हतं. सकाळी खरा वर्ग, दुपारी पडद्यावरचे तास, संध्याकाळी दुसऱ्यांचे पाठ बघून त्यांवर लिहायचं. डोळे चुरचुरतात. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी पाठ चालवून घेतला, पण पान नापास केलं. तेवीस मुलांच्या जोड्या लावल्यास, खिडकीजवळची मुलगी बारा मिनिटं एकटी राहिली, हे तुला दिसलंच नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही दिसलं. मामा, दिसलं होतं हो. तुम्ही खोडलेलं दुसरं वाक्य तेच होतं. पण तुमचं नाव कसं सांगणार?

आठ जुलैला पुन्हा पाठ, पुन्हा पान. तेव्हाही घसरले तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. या वेळी पान तुम्हाला दाखवणार नाही. रागावलात तर निदान थोडक्यात रागवा, लांब पत्र वाचायला वेळ नाही.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ असू द्या, दुरुस्त्या नकोत.

चिऊ

२३ जून

चि. चिऊस अ. उ. आ.

रागावलो होतो. दोन दिवस. आधी बाईंवर, मग तुझ्यावर. मग चित्रीकरण पाचव्यांदा पाहिलं. ती मुलगी अठराव्या मिनिटापासून तिसाव्यापर्यंत एकटी आहे. रस्ता तीच विचारते आणि तीच सांगते. ओठ हलताना दिसतात. चारही वेळा मला ती वर्गातली सगळ्यांत शहाणी वाटली होती. तुझं वाक्य वाचून म्हटलं, यात चूक ती काय!

मी इंग्रजी असाच शिकलो, चिऊ. न्हाणीघराचं दार लावून, प्रश्न माझा, उत्तरही माझंच. अकरा वर्षं. सगळ्यांना सांगतो की मला कोणी शिकवलं नाही, आणि ते सांगताना मान ताठ होते. पण पहिल्यांदा खऱ्या माणसाने इंग्रजीत काही विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

सोबत बाईंना पत्र आहे. खोडणारा हात माझा, एवढंच त्यात आहे. पाकीट बंद केलेलं नाही. द्यायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या महिन्यापासून आमच्याकडेही असलीच पानं येणार, आणि ती मलाच तपासायची आहेत. कशी तपासतात ते सवडीने लिही.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, जास्त मागायला तोंड नाही.

मामा

१२ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाईंना दिलं नाही. मीच तोंडी सगळं सांगितलं. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिल्याचा शेरा त्यांनी मारला. तो माझ्या नोंदीत कायम राहणार आहे. मग म्हणाल्या, जा, वर्ग थांबलाय.

मुलं पुन्हा तेवीसच. त्या मुलीची जोडीदार मी झाले. तिने दवाखान्याचा रस्ता विचारला, मी सांगितला. तिने मला थांबवून हळू सांगायला लावलं, तेही इंग्रजीत. तेवढ्यात मागच्या दोन बाकांवर मारामारी जुंपली, ती मला नंतर चित्रीकरणात दिसली. हेही पानावर लिहिलं. पास झाले.

शाळेचं पत्र काल आलं. आनंद झाला का, असं आई सारखी विचारते. अजून झालेला नाही. आधी झोपते, मग होईल असं वाटतं.

पानं कशी तपासतात ते उठल्यावर लिहीन. तोवर लोभ राहू द्या.

तुमची भाची,
चिऊ