लाल धाग्याचं रोप

राइट टाउन, जबलपूर
२९ ऑगस्ट २०१८, बुधवार

चि. पद्मजास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तूही नागपूरला बरीच असशील. तू फोन नंबर बदललास नि नवा दिला नाहीस, म्हणून तू शिकवतेस त्या क्लासच्या पत्त्यावर लिहून राहिली आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझे काका खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि आता दिवसभर माझ्या स्वयंपाकाची तपासणी करतात. "भाजीत मीठ काहून कमी?" मी म्हणते, चलो, उद्यापासून तुम्हीच करा जी. मग तासभर घर शांत. आपल्या ग्रीनहाऊसमधला नथ्थू अजून आहे. रोज कुंडमहून बसने येतो नि तुझी आठवण काढतो. "पद्मजा दीदी थीं तो एक-एक गमला गिनना पड़ता था," म्हणतो.

आता कामाचं. आपल्या संशोधन संस्थेची जुनी शीतखोली रिकामी होऊन राहिली. १४ सप्टेंबरला, शुक्रवारी, जुन्या प्रकल्पांचं सगळं बियाणं वाफेच्या टाकीत जाईल. जनुक बदललेल्या रोपांचं काही शिल्लक ठेवायचं नाही असा नियमच आहे. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

पद्मा, त्या खोलीत तुझ्या तंबाखूच्या बियांची एक पुडी आहे. यादीत नाही ती. लाल धाग्याच्या रोपाची आहे. तू म्हणशील, ती कुठून आली, सहा वर्षांपूर्वी तर सगळं नष्ट केलं होतं. ते सांगेन. आज नाही होत माझ्याने.

त्यातले चाळीस दाणे मी सोमवारी औषधाच्या बशीत पेरले, कोणाला न विचारता. तूच शिकवलं होतंस, ज्यात तुझं जनुक असेल ते रोप त्या औषधावरही हिरवं राहतं, नसेल ते उगवतं पण पांढरंफटक. दोन आठवडे लागतील. हिरवी आली तर तुझं काम खरं होतं हे ठरेल. ज्यांनी तुला खोटारडी म्हणून काढलं, तुझी पीएच.डी. अर्ध्यावर मोडली, त्यांना दाखवता येईल. पण चौदा तारखेच्या आत. वाफेत गेली की संपलं.

काळजी घे. जेवत जा वेळेवर.

तुझी,
शकुमावशी


जबलपूर
८ सप्टेंबर, शनिवार

चि. पद्मजास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी रोज फाटकाशी उभी राहते. काका म्हणतात, "पोस्टमनला पोहे देऊन बसव एकदाचा."

बशीत अडतीस उगवलेत. मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहेत, रंग नीट ठरत नाही. दिव्याखाली हिरवे वाटतात, खिडकीशी नेले की पांढुरके. मंगळवार-बुधवारपर्यंत नक्की होईल. त्याच्या आत मला हे लिहून टाकायचं आहे, नाहीतर रंग पाहून मी पुन्हा काहीतरी वेगळंच सांगेन. मला मी ओळखते.

२०१२ चा सप्टेंबर आठव. मे महिन्यात कूलर बंद पडून तुझी बाकीची रोपं गेली होती, लाल धाग्याचं एकच उरलं होतं. पानातल्या हिरव्या कणांत तू कोंबड्यांच्या रोगाची लस बनवणारं जनुक घातलं होतंस. ते जनुक माखलेला सोन्याचा भुगा बंदुकीने पानावर मारलास तेव्हा मी तुला चिडवलं होतं, अगं, लग्नासाठी ठेवलेलं सोनं तंबाखूला घालून राहिली का? तू किती हसली होतीस.

मग तू आठवडाभर हैदराबादला गेलीस. जाताना मला दोनदा बजावलंस, "मावशी, लाल धागा आई, पांढरा धागा बाप. लालच्या कळ्या उमलायच्या आत उघड, पुंकेसर काढ, साध्या रोपाचे पराग लाव. परवापर्यंत कर."

घरी महालक्ष्म्या होत्या. सोळा भाज्या, पुरणाचा घाट, पंचवीस पानं, सोवळं. मी म्हटलं, एक दिवस इकडे-तिकडे. तीन दिवस गेलेच नाही. चौथ्या दिवशी गेले तर लाल धाग्याच्या साऱ्या कळ्या उमलून आपल्याच परागाने फळलेल्या. पांढऱ्या धाग्याला मात्र मिटलेल्या कळ्या भरपूर.

पद्मा, मी तीस वर्षं गव्हाचे आणि हरभऱ्याचे संकर केले. तिथे आई कोण नि बाप कोण, याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही, मूल दोघांचंच. मी म्हटलं, त्यात काय, उलटं करून टाकू. साध्या रोपाच्या कळ्यांना तुझ्या रोपाचे पराग लावले. आणि तू रागावशील म्हणून दोन्ही रोपांचे धागे सोडून अदलाबदल करून बांधले. मनगटात महालक्ष्मीचा हळदीचा दोरा तसाच होता. त्याच हातांनी बांधले.

तू आलीस, लाल धागा पाहिलास, खूश झालीस. बी धरल्यावर पांढऱ्या धाग्याचं रोप "आता बापाचं काम नाही" म्हणून टाकीत पाठवलंस. ते तुझं खरं रोप होतं गं. त्याची बोंडं नथ्थू टाकीकडे नेऊन राहिला होता, मी मूठभर काढून घेतली. काहून काढली, ते तेव्हा मला कळत नव्हतं. कशाला खोटं बोलू, थोडं कळत होतं.

मग तुझ्या बियांची रोपं औषधाच्या बशीत समितीसमोर ठेवली. सगळी पांढरी. एकूण एक. तू उभी राहून समजावत होतीस, हिरवे कण मुलाला आईकडूनच मिळतात, परागातून जात नाहीत, म्हणून आई बरोबर असेल तर सगळी हिरवीच यायला हवीत. मी मागे फाईल धरून उभी होते. मला पहिल्यांदा समजलं मी काय केलं ते. अध्यक्षांनी विचारलं, "शकुंतला जी, क्रॉस इनके कहे मुताबिक ही किया था ना?"

मी म्हटलं, "जी सर."

दोन शब्द. तुझे आधीचे फोटो, कागद, सगळं त्यांनी बनावट ठरवलं.

घरी येऊन तू मला एकदाच विचारलंस. मी सत्यवतीच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. माझ्या बहिणीच्या, तुझ्या आईच्या. सत्यवती गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आणि आलेल्या बाया मला पाहून म्हणत होत्या, माय मरो पण मावशी जगो. जगली मावशी. बघ काय करायला जगली.

अजून एक राहिलं, तेही लिहिते. बशी पेरल्यापासून रोज देवापुढे उभी राहते आणि मागते की पांढरी येऊ दे. पांढरी आली तर तुझं रोप मुळातच खोटं होतं, मी धागे बदलले नसते तरी तेच झालं असतं. मग मी सुटते. लेकीसारखी वाढवली तिचं वाटोळं व्हावं असं मागते मी, स्वतः सुटावं म्हणून. इतकी वाईट आहे तुझी मावशी.

शकु


जबलपूर
१४ सप्टेंबर, शुक्रवार

पद्मजा,

बुधवारी तुझं अंतर्देशीय आलं. आख्ख्या निळ्या कागदावर दोनच शब्द, "रंग कळव". मायना नाही, सही नाही. पण अक्षर तुझंच, 'ळ' अजून तसाच काढतेस. उशीखाली ठेवलं आहे.

हिरवा.

अडतीसपैकी अडतीस. एकही पांढरं नाही. बशी बुधवारीच उघडली, पण एकटीने नाही, नथ्थूला सोबत नेलं, म्हटलं माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "सब हरे हैं दीदी। एकदम हरे।" मी तिथेच स्टुलावर बसले. माझं मागणं देवाने ऐकलं नाही, याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. आणि एवढी भीतीही.

मी तशीच संचालकांकडे गेले. निवेदन लिहूनच नेलं होतं, चार पानं, धाग्यापासून शपथेपर्यंत सगळं. मधल्या एका ओळीवर हात थांबला होता. "घाईत चूक झाली" असं लिहिलं होतं, ते खोडून "जाणूनबुजून धागे बदलले" असं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "साल भर की नौकरी बची है आपकी। क्यों लिख रही हैं ये सब?"

मी म्हटलं, "सर, जिसकी गई, उसके लिए."

मग समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. मी संध्याकाळपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आज सकाळी अकराला वाफेची टाकी लागायची होती, आणि साडेदहापर्यंत मला कोणी काही सांगेना. नथ्थू ट्रॉलीत पुड्या भरून राहिला होता, दर वेळी माझ्याकडे बघायचा. पावणेअकराला शिपाई आला, हातात लाख नि मेणबत्ती घेऊन. तुझी पुडी आणि बशी तेवढी बाजूला काढून माझ्यासमोर मोहोरबंद केली. बाकी सगळं टाकीत गेलं.

आता नीट वाच. मोहोर तुझ्यासमोर आणि बाहेरून येणाऱ्या एका तज्ज्ञासमोरच तोडायची असं ठरलं आहे. पण त्यासाठी तुझा लेखी अर्ज हवा, तीस तारखेच्या आत. नाही आला तर पुडीही टाकीत जाईल. पत्ता संस्थेचाच, संचालकांच्या नावे. माझ्या नावे पाठवू नकोस, चौकशी होईपर्यंत सोमवारपासून मला आत जायला मनाई आहे.

काल निवेदनाची माझ्याजवळची प्रत मी सत्यवतीच्या फोटोसमोर मोठ्याने वाचली. काका स्वयंपाकघराच्या दारात ऐकत उभे होते. मग जेवायला बसले. वरणात मी मीठच घातलं नव्हतं, पण काही न बोलता सगळं जेवले.

उद्या महालक्ष्म्या येतात. सोळा भाज्या मी यंदाही करीन, सवयीने होतात. तुला जेवायला ये म्हणायचं तोंड मला नाही, म्हणून म्हणत नाही. माफ कर असंही दोनदा लिहून खोडलं. अर्ज तेवढा पाठव. माझ्यावरचा राग त्या पुडीवर काढू नकोस, ती तुझीच आहे.

मोहोर लावायच्या आधी नथ्थू कुठूनसा लाल धागा घेऊन आला, बशीला बांधायला. मी नाही बांधू दिला. म्हटलं, "रुको, वो खुद बांधेगी."

खाली 'तुझी मावशी' असं लिहायला बसले, पण हात चालला नाही. निवेदनावर केली तीच सही इथे करते.

शकुंतला मुरलीधर देशकर
तांत्रिक सहायक
धागे हिने बदलले.